मोकळं कपाट

दुपारी लेकीने मोबाइलवर एक फॅशन शो दाखवला. वसंत ऋतूचे कपडे म्हणे, पण फूल एकही नाही. राखाडी, मातकट रंगांचे सैल झगे घालून मुली एकामागून एक चालत होत्या. काठ नाही, नक्षी नाही, चेहऱ्यावर हसूही नाही. शेवटी डिझायनर बाई म्हणाल्या, "कपडे इतके साधे हवेत, की आतलं माणूस दिसलं पाहिजे."

मला तर कोणीच दिसलं नव्हतं. कोऱ्या कपड्यात माणूस कुठून दिसणार? ते मुरावं लागतं.

लेकीला मात्र सगळं पटलं. तिने लगेच माझं कपाट उपसायला घेतलं. "आई, मोजकंच ठेव गं. हँगरच्या मधे जागा हवी." मी एकेक देत गेले. मग तिच्या हाताला एक राखाडी कुर्ता लागला.

"हा मावशीचा ना? तुला होतही नाही. देऊन टाकू?"

"राहू दे."

धाकटी बहीण गेली तेव्हा तो मी मागून घेतला होता. ती कायम कमरेवर हात ठेवून उभी राहायची. त्या बाह्या कोपराशी वाकल्या त्या वाकल्याच. कितीही इस्त्री करा, सरळ होत नाहीत.

संध्याकाळी कपाट उघडलं आणि हात दारावरच राहिला. इतकी वर्षं ती गर्दीत दबून होती. आता दोन्ही बाजूंना भरपूर जागा आहे, आणि ती कमरेवर हात ठेवून माझी वाट बघत उभी आहे.