पप्पांचा सहावा उद्गार

आमच्या श्रीगोंद्याच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला भर दुपारी बारा ते तीन उपासना चालते. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण वीस-वीस मिनिटं बोलतात. कोणता कुणाला, ते चर्चचे पंच ठरवतात; पण सहावा कुणी मागायचाच नाही. 'पूर्ण झाले आहे' हा उद्गार पप्पांचा. तरुणपणी पाळकाचं शिक्षण घेताना ते ग्रीक शिकले, पुढं शाळामास्तर झाले तरी ते वेड काही सुटलं नाही.

"मूळ ग्रीकात एकच शब्द, तेतेलेस्ताय!" बोट वर करून ते सांगायचे. "एकच क्रियापद. काम झालं, आणि त्याचा परिणाम आजही टिकून आहे, असा त्याचा काळ. 'पाऊस झाला' म्हटलं की संपलं. 'पाऊस झाला आहे' म्हटलं की ढेकूळ फोडून बघा, आत ओल हाय!" वर्गात एवढं शुद्ध बोलणारा माणूस, पण इथं आला की 'हाय'च म्हणायचा. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या दरवर्षी "व्हय, व्हय" करायच्या. आम्ही पोरं उपाशीपोटी जांभया द्यायचो. लई कंटाळा यायचा. आता त्याच कंटाळ्यासाठी जीव तुटतो.

मग पप्पांना अर्धांगवायू झाला. तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. गुड फ्रायडे जवळ आला तसे पंच मला, मी शिकवते त्या शाळेबाहेर भेटले. "ताई, सरांना वीस मिनिटांत जमायचं न्हाई. सहावा तुमी घ्या." भांडकुदळ म्हणून मी गावभर प्रसिद्ध. चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं त्यांना. पण मी मेली मनातून हरखले! पप्पांना न विचारताच हो म्हणाले.

पप्पांना कळलं, तेव्हा ते रागावले नाहीत. उलट आठ दिवस खाटेवर बसून त्यांनी मला ते क्रियापद शिकवलं. "ते-ते-ले-स्ताय. घाई नको, बाई."

मी बोलले, छान झालं. पायऱ्यांवर पंच म्हणाले, "आता दरवर्षी तुमीच हां, ताई." मी मान डोलावली.

रिक्षात पप्पांनी माझा हात धरला. "झकास बोललीस. पुढच्या वर्षी मी उभा राहतो. जीभ वळायला लागलीय बघ."

"हो तर! तुमचाच आहे तो," मी म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी ते आरशासमोर बसायचे. अडखळायचे, थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मी चहा टाकता टाकता ऐकायचे. पंचांचं घर दोन गल्ल्या पलीकडं, पण तिथं जाऊन 'माझं नाव काढा' म्हणायला इतक्या महिन्यांत माझे पाय काही उचलले नाहीत. देव मला क्षमा करो.

नाताळाच्या तोंडावर पप्पा गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी सगळं बोलणं वीस मिनिटांत बसवलं होतं. घड्याळ लावून समोर मीच बसले होते.