बांधावरचं स्पॅनिश

वाशीचा पूल व्हायच्या आधी आमच्या सारसोळ्याच्या कोळीवाड्यात बूट घालणारा तो एकटाच. बोटीवर भांडी घासत स्पॅनिश बंदरं फिरला आणि तिथून फक्त सल्ले देण्यापुरतं स्पॅनिश घेऊन आला. मोठ्या माणसाला सुचवायचं तर "पोर के नो", म्हणजे 'असं का नाही करत?' बरोबरीच्याला "यो के तू", म्हणजे 'तुझ्या जागी मी असतो तर'. मासे विकणाऱ्या बायांना मात्र सरळ "तिएनेस के", म्हणजे 'केलंच पाहिजे'. जाळं विणणाऱ्यालाही शिकवायचा. स्वतः कधी एक गाठ मारलेली मी पाहिली नाही.

एकदा ओहोटीत आमची होडी रुतली. बाबा मांडीभर चिखलात उभे राहून ती रेटत होते. हा बांधावरून म्हणाला, "यो के तू, मी डावीकडून रेटली असती."

बाबांनी दोर त्याच्याकडे फेकला. "धर आन् वढ."

दोर बुटावर पडला. त्यानं वाकून रुमालानं बूट पुसला, दोन पावलं मागे सरला आणि अदबीनं म्हणाला, "पोर के नो... बायकूला का नाय बोलवीत?"

एका दोरानं बाबा मोठ्या माणसांत जमा झाले होते.