एकाच आडनावाची दोघं

आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि संध्याकाळी कार्यक्रम असतो. त्या वर्षी समितीने मला एकांकिका लिहायला सांगितली. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. मोरवा गावाच्या वाटेवरच्या या इमारतीत मला त्यामुळे उगीचच लेखक समजतात. मला नाही म्हणता आलं नाही. खरं तर आनंदच झाला.

गोष्ट साधी होती. काशीमीऱ्याच्या स्टॉपवर रोज बसची वाट बघणारी दोघं. ओळख होते आणि ती लग्न करायचं ठरवतात. मुलीला मी माझ्या शाळेतल्या मास्तरांचं आडनाव दिलं. ते कोकणातून बदली होऊन आमच्या तालुक्याला आले होते आणि माझी परीक्षेची फी त्यांनीच शाळेतून माफ करून घेतली होती. मुलाला दिलं बाकावरच्या मित्राचं, ज्याच्या घरी मी दुपारचा जेवायचो. ही दोन्ही आडनावं एकच आहेत, हे पहिल्या वाचनाच्या दिवशी सोसायटीच्या खजिनदारांनी बोट ठेवेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

खजिनदार आमच्यासारखेच मराठवाड्यातले. काशीमीऱ्याला एका गोदामात सुपरवायझर आहेत. नायिकेचं काम त्यांचीच मुलगी करत होती.

"भाऊ, ही दोघं एकमेकांचे कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. स्टॉपवर भेटतात."

"आडनाव एक आहे की. आमच्याकडं आडनाव एक म्हणजे भाऊबंद. हे लग्न लागत नसतं."

नायिकेच्या आईचं काम करणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कोकणातल्या. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला. त्यांच्याकडे गावावरून आडनाव पडतं, त्यामुळे एकाच आडनावाचे लोक सगळ्या जातींत असतात आणि पायलीचे पन्नास मिळतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. खालच्या किराणावाल्या शेठचं म्हणणं त्याहून सोपं होतं. "मेरे सरनेम वाले आधी बिल्डिंग में हैं. रिश्तेदार होते तो उधारी मांगता क्या मैं?"

सगळे हसले. खजिनदार हसले नाहीत. ते मला म्हणाले, "तुम्ही लिहिलंय. म्हणजे तुम्हाला ठाऊक असणार."

मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन मी वही उघडून बसलो. माणसं मी तयार केली, त्यांच्या तोंडी शब्द मी घातले, मग त्यांचं नातं मला कसं माहीत नाही? दोघांची आडनावं एक आहेत एवढ्यावरून नातं ठरतं का? आणि मी कागदावर 'नातं नाही' असं लिहिलं, की ते नसतं का? बायको म्हणाली, एकाचं आडनाव बदला आणि जेवायला या. पण कुणाचं बदलायचं, मास्तरांचं की मित्राचं? तेव्हा आणखी एक गोष्ट डोक्यात आली. मित्राची आई मास्तरांना सणावाराला डबा पाठवायची. मास्तर आणि मित्राच्या घरचे एकमेकांचे कोणी लागत होते का? मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात खजिनदारांच्या मुलीने मला थांबवलं. ही चोवीस-पंचवीसची मुलगी, अंधेरीला नोकरी करते.

"काका, आडनाव बदलू नका ना."

"अगं, तुझे बाबाच म्हणतायत."

ती कठड्याला टेकली. "ऑफिसात एक जण आहे. आम्हाला लग्न करायचंय. त्याचं आडनाव आमचंच आहे."

"बाबांना सांगितलंस?"

"आडनाव सांगितलं. पुढचं त्यांनी ऐकलंच नाही."

आमच्या गावातही असं लग्न कुणी ऐकून घेतलं नसतं, आणि तिचं म्हणणंही मला चूक वाटेना. आडनाव मी तसंच ठेवलं. फक्त एक प्रवेश वाढवला, त्यात आई मुलीकडे मुलाची चौकशी करते. गाव कुठलं, आजोळ कुठलं, आत्या कुठं दिली. आमच्याकडे सोयरीक जमवताना विचारतात तसंच. उत्तरं मात्र मला सुचेनात. म्हणून मुलीच्या तोंडी 'लांबच्या गावचा आहे गं' एवढंच ठेवलं. खजिनदारांनी ते वाचलं, मान डोलावली आणि मुलीला काम करू दिलं. नायक बी विंगमधला, बँकेत काम करणारा, दोन मुलांचा बाप होता, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी खजिनदार दुसऱ्या रांगेत चहाचा कप घेऊन बसले होते. तो प्रवेश आला. काकूंनी विचारलं, "कुठला गं तो?"

मुलगी काकूंकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती.

"चिपळूणकडचा. आजोळ गुहागरला. आत्या दिली रत्नागिरीला. आपल्या भावकीतलं एकही घर तिकडचं नाही, एकही लेक तिकडे दिलेली नाही, आई. मी थोरल्या काकांना फोन करून विचारलंय."

काकू क्षणभर गोंधळल्या. यातलं काहीच वहीत नव्हतं. पण त्यांनी "बरं केलंस" म्हणून वेळ मारून नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खजिनदारांचा कप तसाच हातात होता.

नाटक संपल्यावर ते माझ्याकडे आले. समोशांच्या टेबलापाशी गर्दी होती, म्हणून मला थोडं बाजूला घेतलं.

"भाऊ, ते गुहागर, रत्नागिरी तुम्ही लिहिलं?"

हो म्हणावं तर मुलीचं बोलणं नाटकातच राहणार. नाही म्हणावं तर तिला मी उघडं पाडणार.

"प्रश्न मी लिहिले होते," मी म्हणालो.

त्यांचे ओठ पुटपुटल्यासारखे हलत होते. घराघरातल्या लेकी कुठं कुठं दिल्या ते आठवत असावेत. मग मला विचारलं, "आत्या रत्नागिरीलाच दिली म्हणाली ना?"

"हो."

"अन् त्याच्या आईचं माहेरचं आडनाव? ते तर राहिलंच विचारायचं."

"तेही प्रश्नात घालायला हवं होतं," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं सुचणार," ते म्हणाले, आणि कप टेबलावर ठेवून वॉचमनच्या केबिनकडे निघाले. तिथे मुलगी चेहऱ्यावरचा रंग पुसत होती.

किराणावाल्या शेठने तेवढ्यात मला गाठलं. हातात समोसा होता. "भाई, आखिर में बताया नहीं. वो दोनों रिश्तेदार थे कि नहीं?"

मी खजिनदारांमागे बंद झालेल्या केबिनच्या दाराकडे बघत होतो. म्हणालो, "मालूम नहीं, शेठ. अभी पूछ रहे हैं."