चाळीस दिवस मागचे दिघे

वसंतराव दिघे राहायचे लुडविग्सहाफेनला, पण बाकीच्या गावाच्या चाळीस दिवस मागे. त्यांचं मराठी वर्तमानपत्र मुंबईहून बोटीनं यायचं. आठवड्याचे अंक एकदम, सुतळीनं बांधलेले, कडांना ओल लागलेले. दुसरा कोणी असता तर त्यातला सगळ्यात ताजा अंक आधी उघडला असता. दिघे गठ्ठा तारीखवार लावायचे आणि रोज सकाळी कॉफीबरोबर एकच अंक वाचायचे. पुढचा अंक शेजारीच पडलेला असला तरी त्याला हात लावायचे नाहीत. देशात मंत्री बदलला काय किंवा आपण कसोटी सामना हरलो काय, दिघ्यांच्या खोलीत ते चाळीस दिवसांनी घडायचं. आमच्यापैकी कोणी घरून आलेल्या विमानाच्या पत्रातलं काही सांगायला तोंड उघडलं की ते हात वर करायचे. "ते पुढचं झालं. पुढचं सांगायचं नाही."

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. मी बार्शीचा. डॉक्टरेटसाठी जर्मनीत आलो होतो आणि प्रयोगांसाठी मला वर्षभर तिथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. दिघे त्याच प्रयोगशाळेत रंगांच्या विभागात होते. चाळिशीला टेकलेले, एकटे, नखांच्या कडेला कायम निळा रंग. रंगवलेल्या कापडाच्या पट्ट्या अर्ध्या झाकून उजेडात ठेवायच्या आणि उघडा भाग किती विटला ते काही आठवड्यांनी बघायचं, हे त्यांचं काम. वाट बघण्याचीच नोकरी म्हणा ना. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बार्शी म्हणजे आंबेकर मास्तरांची बार्शी?" मी म्हटलं, हो, पण मी दुसऱ्या शाळेत होतो. "वाईट झालं," ते म्हणाले आणि पट्ट्यांकडे वळले.

मला हा माणूस चक्रम वाटला. तरीही त्यांनी शनिवारी दुपारी जेवायला बोलावल्यावर मी गेलो, कारण उपमा आहे असं कळलं होतं. तिथल्या दुकानात ग्रीस या नावानं रवा मिळतो आणि दिघे त्याचा झकास उपमा करायचे. फ्राऊ बेकर नावाच्या विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर त्यांची खोली. तिथं आणखी दोघे यायचे. एक पुण्याचा सोहोनी, नदीपलीकडे मॅनहाईमला इंजिनियरिंग शिकणारा, आणि दुसरा सांगलीकडचा भोसले, त्याचाच सोबती. उपमा संपला की दिघे टेबल पुसायचे, प्रयोगशाळेतलं जुनं स्टॉपवॉच मधोमध ठेवायचे आणि म्हणायचे, "आल्झो, म्हणजे तर मग, सभेला सुरुवात."

सभेचा विषय त्यांच्या वर्तमानपत्रातला असायचा, म्हणजे अर्थातच शिळा. नियम मात्र कडक. प्रत्येकाला बोलायला पाच मिनिटं. आपली बाजू आपण मांडायची नाही. चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याची चिठ्ठी आपल्याला येईल त्याच्या बाजूनं बोलायचं. शेवटी मत द्यायचं, पण स्वतःच्या बाजूला नाही. सोहोनी सुरुवातीला वैतागून म्हणाला होता, "अहो दिघे, हा कुठला न्याय?" तेव्हा दिघे म्हणाले, "आपल्या माणसाबद्दल कोणीही चांगलं बोलतो. दुसऱ्यानं बोलून दाखवावं, मग कळतं त्या माणसात किती दम आहे." ठरलेलं सगळं ते एका वहीत लिहायचे आणि वही कपाटात ठेवायचे. तो ठराव कधी कुठे पाठवल्याचं मी ऐकलं नव्हतं.

पानगळ संपत आली तेव्हा त्यांच्या अंकात एक बातमी आली. विधान परिषदेतले एक राज्यपालनियुक्त सदस्य वारले होते आणि त्या रिकाम्या जागी राज्यपाल कोणाला नेमणार याची मुंबईत चर्चा होती. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणत्या माणसांसाठी या जागा असतात, निवडणूक न लढवता मिळणाऱ्या. दिघ्यांनी फर्मान काढलं की पुढच्या शनिवारी प्रत्येकानं एकेक नाव घेऊन यायचं. सोहोनी हसला. "ती जागा एव्हाना भरलीसुद्धा असेल."

"आजच्या अंकात रिकामी आहे," दिघे म्हणाले.

सोहोनीनं एका कवीचं नाव काढलं. भोसल्यानं त्याच्या भागात साखर कारखाना उभा करणाऱ्या एका शेतकऱ्याचं. मी सोलापूरकडे परित्यक्ता बायकांसाठी आश्रम चालवणाऱ्या एका बाईंचं. दिघ्यांनी आंबेकर मास्तरांचं नाव दिलं, आणि ते देताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला. बार्शीच्या शाळेत दिघे ज्यांच्या हाताखाली शिकले त्या मास्तरांची हकीकत त्यांनी मला अधूनमधून सांगितली होतीच. शाळेत रसायनाचे प्रयोग व्हावेत म्हणून मास्तरांनी सुतारकाम शिकून स्वतः टेबलं केली. गावातल्या औषधाच्या दुकानांतून रिकाम्या बाटल्या मागून आणल्या. शाळेच्या मंडळाशी भांडले, म्हणून निवृत्त झाले त्या दिवशी कोणी हारसुद्धा घातला नाही. पाटीवरचं सूत्र पुसून ते घरी गेले. दिघे तेव्हा जर्मनीत होते. त्यांनी मास्तरांना पत्र लिहून शब्द दिला होता की तुमचं नाव एकदा मोठ्या ठिकाणी घेतलं जाईल, मी बघतो. बघणार काय आणि कसं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण गेली पाच वर्षं हा शब्द त्यांच्या मानेवर बसलेला होता.

सभेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मला थोरल्या भावाचं पत्र आलं. बहिणीचं स्थळ, विहिरीचं पाणी, आणि शेवटी उरलेल्या जागेत बारीक अक्षरात एक ओळ: तुमच्या त्या दिघ्यांचे आंबेकर मास्तर गेले, दोनच दिवस आजारी होते. मी ते पत्र खिशात घालून प्रयोगशाळेत गेलो आणि दिवसभर दिघ्यांना टाळत राहिलो. सांगावं तर पुढचं सांगायचं नाही हा त्यांचाच नियम. न सांगावं तर उद्या आम्ही चौघं बसून एका मेलेल्या माणसाला परिषदेत पाठवणार. खरं म्हणजे नियमबियम काही नाही, सांगायची हिंमतच झाली नाही. त्या भित्रेपणाची मला आजही लाज वाटते.

शनिवारी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला मास्तर आले. दिघ्यांनी स्टॉपवॉच दाबलं. सुरुवातीला मी नुसतं काहीबाही बोलत होतो. मग टेबलांचं सांगितलं, बाटल्यांचं सांगितलं, पाटी पुसून घरी गेल्याचं सांगितलं. सोहोनी मध्येच आडवा आला. "विज्ञानाच्या जागेवर न्यायचं तर मास्तरांनी शोध कोणता लावला?"

मी दिघ्यांकडे बोट दाखवलं. "हा काय समोर बसलाय. बार्शीच्या गल्लीत सापडला त्यांना."

भोसले मोठ्यानं हसला. दिघे हसले नाहीत. त्यांनी स्टॉपवॉचकडे बघून सांगितलं की अजून चाळीस सेकंद आहेत, पण मी चिठ्ठीची घडी घालून ती टेबलावर ठेवली. मग मतं झाली. मास्तरांना आम्हा तिघांची तिन्ही मतं पडली. दिघ्यांना नियमाप्रमाणे मास्तरांना मत देता येत नव्हतं, त्यांनी माझ्या आश्रमवाल्या बाईंना दिलं.

"नोंद घेतली," ते म्हणाले. "आणि हा ठराव या वेळी पाठवायचा आहे."

त्यांनी चांगला कागद काढला आणि राज्यपालांच्या सचिवांना मराठीत पत्र लिहिलं, चौघांच्या सह्या घेतल्या. वर तारीख घातली ती त्या बातमीच्या अंकाची. आजची घाला, असं सोहोनी म्हणाला. "बातमी ज्या दिवसाची, शिफारस त्या दिवसाची," दिघे म्हणाले. विमानानं पाठवू या, असं भोसले म्हणाला. "घाई कशाला? बोटीनं जाईल." पोस्ट माझ्या रस्त्यावर होतं म्हणून पाकीट माझ्याकडे दिलं, आणि सोमवारी मी ते स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं.

त्याच आठवड्यात त्यांच्याकडे एक पुस्तक परत द्यायला गेलो तर दिघे अजून आले नव्हते. फ्राऊ बेकर जिन्यातच भेटल्या. त्यांची तक्रार होती. त्यांच्या घरात आंघोळ शनिवारी. त्या दिवशीच बंब पेटायचा, भाडेकरूंना तसं आधी सांगितलेलं असायचं. "हेर दिघे इतके नियमाचे माणूस," त्या म्हणाल्या, "आणि मागच्या आठवड्यात मंगळवारी न्हाणीघराची किल्ली मागायला आले. मी म्हटलं, पाणी थंडगार आहे. म्हणाले, चालेल. या हवेत डोक्यावरून आंघोळ केली त्यांनी. आजारी पडले असते तर?"

"मंगळवारीच का, ते सांगितलं का त्यांनी?"

"नाही. सकाळी तार आली होती, एवढं मला माहीत आहे."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. घरचं माणूस गेल्याची बातमी आली की आपल्याकडे डोक्यावरून आंघोळ करतात. मास्तर दिघ्यांच्या नात्यातले नव्हते, त्यांना सुतक नव्हतं की काही नव्हतं. म्हणजे मंगळवारी सगळं कळलेलं असताना या माणसानं शनिवारी उपमा केला, चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या पाच मिनिटांवर घड्याळ धरलं. फ्राऊ बेकरना मी सांगितलं की आमच्या देशातली रीत आहे, काळजी करू नका. त्यांना ते पटलं नाही.

मी दिघ्यांना काहीही विचारलं नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या अंकात ती जागा भरल्याची बातमी आली. आमच्या चार नावांपैकी कोणीच नव्हतं. दिघ्यांनी वहीत नोंद घेतली. मग नाताळ झाल्यावर एका शनिवारी, उपम्याच्या आधीच, ते उभे राहिले. हातात त्या दिवशीचा अंक होता. "आज बातमी आली आहे. आंबेकर मास्तर वारले." सोहोनी आणि भोसले हबकले. आम्ही चौघं दोन मिनिटं उभे राहिलो. स्टॉपवॉच मात्र त्यांनी लावलं नाही.

ते दोघे गेल्यावर मी भांडी विसळायला थांबलो. दिघे पातेलं पुसत म्हणाले, "तुमचं पत्र शुक्रवारी येतं, कुलकर्णी. बार्शीचं. तुम्हाला तेव्हाच कळलं असणार."

"हो," मी म्हटलं. "तुम्हाला मंगळवारी."

"बेकरबाई बोलल्या वाटतं." त्यांनी पातेलं फळीवर ठेवलं. "तरी चांगलं बोललात तुम्ही. माझ्यानं तेवढं झालं नसतं."

"पण माहीत असून पाठवलंत कसं?"

"त्या तारखेला मास्तर होते," दिघे म्हणाले. "जागा काही त्यांना मिळणार नव्हती, तेवढं मलाही कळतं. नाव पोचायला हवं होतं."

माझं वर्ष संपत आलं तेव्हा, वसंतात, त्यांनी मला खोलीवर बोलावून एक सरकारी पाकीट दाखवलं. आत छापील नमुन्याची पोच होती, कुणा अवर सचिवाची सही. फक्त विषयाची ओळ टाइप केलेली: श्री. आंबेकर, निवृत्त शिक्षक, बार्शी, यांच्या नियुक्तीबाबतचे आपले पत्र मिळाले. खाली शिक्का. दिघ्यांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. मला वाटलं, आता हा कागद वहीत तारीखवार जाणार. पण त्यांनी नवं पाकीट घेतलं, त्यावर मास्तरांच्या पत्नीचं नाव आणि बार्शीचा पत्ता लिहिला, कागद आत घातला आणि टपालाची तिकिटं काढली. ती विमानाची होती.

माझ्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला असावा.

"काकू थकल्यात," दिघे म्हणाले. "बोटीनं उशीर होईल."