पालथा ग्लास

चहा आला. दोन कपबशा आणि एक स्टीलचा ग्लास.

ट्रे घेऊन आलेल्या सुनेनं एक कप मॅडमच्या हातात दिला, दुसरा प्रणिताच्या. ग्लास तिनं माझ्या खुर्चीच्या पायाशी, फरशीवर ठेवला. मी वाकून उचलला. चटका बसत होता, म्हणून ओढणीत धरला.

घर बावड्यातलं. स्लॅबचं, पुढं मोठी पडवी, अंगणात नळ, नळापलीकडं ऊस. आम्ही तिघी बारामतीहून मॅडमच्या गाडीतून आलो होतो. मॅडम म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाइड. प्रणिता त्यांचीच दुसरी विद्यार्थिनी. माझा विषय होता ऊस बागायतदारांच्या घरातल्या बायकांचं काम. मुलाखत द्यायला बसल्या होत्या घरातल्या थोरल्या. त्यांना सगळे आक्का म्हणतात. आयुष्यातली माझी पहिली मुलाखत. आदल्या दिवशी मी प्रश्न पाठ करून गेले होते.

चहाच्या आधी आक्कांनी मला विचारलं होतं, "कुठली गं तू?"

"कळंबची."

"कळंबात कुणाची?"

मी आडनाव सांगितलं. आक्का म्हणाल्या, "बरं बरं." मग सुनेला जवळ बोलावून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. प्रणिताला आडनाव विचारायची वेळच आली नाही. तिनं आल्याआल्या हसत आपलं आपणच सांगून टाकलं होतं.

चहा चांगला होता. आलं घातलेलं. मी तो संपवला, उठले, अंगणातल्या नळावर गेले, ग्लास विसळला आणि कट्ट्यावर पालथा घातला. परत येऊन खुर्चीत बसले.

धू म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. कुणी नुसतं बघितलंसुद्धा नव्हतं. माझे हात मला न विचारता उठले आणि काम करून आले.

आक्का म्हणाल्या, "वळण चांगलं हाय पोरीला."

मॅडम हसल्या. प्रणिता हसली. मीही हसले. वहीत बघून पुढचा प्रश्न विचारला, लागवडीच्या दिवसांत घरातल्या बायका किती वाजता उठतात.

मला त्या वेळी काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू. परतताना गाडीत मागं बसून मी इंदापूर येईपर्यंत झोपले.

शनिवारी आमचा गट बसायचा. मॅडमचे सगळे पीएचडीचे विद्यार्थी, लांब टेबल, ज्याच्या त्याच्या पुढं वही. गुणात्मक संशोधन म्हणजे काय, ते मी त्या टेबलावर शिकले. मॅडम शिकवायच्या चांगलं, ते नाकारून चालणार नाही. फील्डवरून आलं की त्याच दिवशी टिपण लिहायचं. सगळं लिहायचं. पडद्याचा रंगसुद्धा. आज ज्याचा उपयोग वाटत नाही, तेच उद्या बोलतं, असं त्या म्हणायच्या.

मी बावड्याचं टिपण आठ पानं लिहिलं होतं. पडदे शेवाळी. भिंतीवर कारखान्याचं कॅलेंडर, महिना मागचाच. दोन म्हशी, एक रेडकू. सुनेच्या हातावर भाजल्याचा डाग. आणि चहाबद्दल दोन शब्द. चहा झाला.

त्या शनिवारी मॅडम म्हणाल्या, "रॅपो म्हणजे काय, हे हिच्याकडून शिका."

समोरच्या माणसाशी नातं जुळणं, त्याला विश्वास वाटणं, त्याला आमच्यात रॅपो म्हणतात. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"स्वतः उठून हिनं स्वतःचा ग्लास धुतला. आक्का विरघळल्या. पुढं दीड तास मनमोकळं बोलल्या. नाहीतर बोलणारी बाई नव्हे ती."

गटातल्या एकानं हात वर केला. भोळा मुलगा. त्यानं विचारलं, "म्हणजे मॅडम, फील्डवर आम्हीपण आपला कप धुवायचा का?"

मॅडम हसल्या. "तुला नाही रे धुऊ देणार. हातातून काढून घेतील."

टेबलावर हशा पिकला.

मॅडमना माहीत होतं. मला त्या क्षणी कळलं की मॅडमना सगळं माहीत होतं, आणि माहीत असूनही त्यांनी ते सगळ्यांपुढं मांडलं होतं. माझा अपमान त्यांच्या तासाला उदाहरण म्हणून कामाला आला. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहिलं. रॅपो, आणि त्यापुढं ग्लास. ती वही अजून माझ्याकडं आहे. अक्षर नेहमीसारखंच आहे, जरासुद्धा हललेलं नाही. मला त्याचाच जास्त राग येतो.

आमच्या गटात एक पद्धत होती. आपण घेतलेली मुलाखत आपण उतरवायची नाही, दुसऱ्यानं ऐकून उतरवायची. आपण उतरवायला बसलो की जे आपल्याला हवं असतं तेच ऐकू येतं. माझं रेकॉर्डिंग प्रणिताकडं गेलं. मॅडमचा दुसरा एक नियम होता, चहा आला की रेकॉर्डर थांबवायचा. पहिलीच मुलाखत, मी गांगरलेली. थांबवायचं विसरले. रेकॉर्डर खुर्चीवर ठेवून तशीच नळावर गेले होते.

प्रणिता कामाला चोख. तिनं शब्दन् शब्द उतरवला होता. पान चारवर असं होतं.

(खुर्ची सरकल्याचा आवाज. नळ. पाणी. भांडं ठेवल्याचा आवाज.)

सहभागी: वळण चांगलं हाय पोरीला.

(हसू. तिघींचं.)

आम्ही कॉलेजच्या कॅंटीनमध्ये बसलो होतो. प्रणितानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं काय झालं गं? हेच का ते ग्लासचं?"

"तू होतीस की तिथं."

"हो, पण मला दिसलं नाही. मी माझा चहा पीत होते."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच दिसलं नव्हतं. शनिवारी मॅडमनी सांगितलं तेव्हाही तिला तो माझा नम्रपणाच वाटला होता. मी तिच्याकडून इअरफोन घेतले आणि ती जागा ऐकली. नळ. पाणी. मग हसू. मॅडमचं ओळखू आलं, प्रणिताचंही. तिसरं बारीक होतं, घाईघाईनं हसलेलं, बाकीच्या दोघींच्या मागं राहू नये म्हणून हसलेलं. ते माझं.

पाच-सहा वेळा ऐकलं. मग मला लाज वाटली. महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ती लाज होती.

रविवारी कळंबला गेले. आई दारात लसूण सोलत होती. तिनं उभा जन्म लोकांच्या उसात खुरपण केलं. आता गुडघे धरतात, माझा भाऊ एमआयडीसीत दुधाच्या कंपनीत लागला म्हणून ती घरी असते. मी तिच्यापुढं बसले आणि विचारलं, "आये, ग्लास धुवायला मला कुणी शिकिवलं?"

आई सोलत राहिली.

मॅडमनी शिकवलं होतं, समोरचा गप्प झाला की आपण बोलायचं नाही. घाईनं दुसरा प्रश्न टाकायचा नाही. थांबायचं. मी थांबले. आईनं चार-पाच पाकळ्या सोलल्या.

"मी शिकिवलं," ती म्हणाली.

"कदी?"

"तू चार वर्साची व्हतीस. मळ्यात यायचीस माझ्याबरुबर. एकदा चा पिऊन गलास तसाच ठिवलास. मालकीण तुला काय म्हणली न्हाय. मला म्हणली, समद्या बायकांफुडं. मग घरी आल्यावर मी तुला मारलं." तिनं सालं फुंकली. "लय मारलं. म्हणून ध्यानात ऱ्हायलं तुझ्या."

मला मार आठवत नव्हता. अजूनही आठवत नाही. फक्त नळ आठवतो.

आईनं वर बघितलं. "बावड्यात धुतलास व्हय?"

"व्हय."

"एवढी शिकलीस. तरीबी?"

मी निघताना तिनं लसणाची पिशवी दिली.

मी चहाचं टिपण नव्यानं लिहिलं. ट्रे, दोन कपबशा, फरशी, ओढणी, नळ, कट्टा, हसू. पान चार जसंच्या तसं जोडलं आणि सहा महिन्यांच्या प्रगती अहवालाबरोबर मॅडमकडं दिलं. त्या अहवालावर गाइडची सही लागते. सही नसेल तर नोंदणी पुढं सरकत नाही, आणि नोंदणी अडकली की आजवरचं सगळं काम पाण्यात.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला.

"हे डेटा नाही. चहाच्या वेळचा आवाज आहे. वगळ."

मी अहवाल उचलला नाही.

"हे बघ, तुझं दुःख मला समजतं. पण प्रबंध ही दुःख मांडायची जागा नाही. त्यांनी विश्वासानं आपल्याला घरात घेतलं. माझ्या ओळखीचं घर आहे ते. मला परत जायचंय तिथं."

मी म्हटलं, "तुम्ही वर्गात शिकवलंत की मॅडम. ग्लासचं."

मॅडमनी चष्मा परत घातला. "ते वेगळं होतं."

कसं वेगळं, ते त्यांनी सांगितलं नाही. अहवाल माझ्याकडं सरकवला. "असं करू. मुलाखत उतरवली की सहभागी व्यक्तीला वाचून दाखवायची असते, तुला माहीत आहे. आक्कांना वाचून दाखव. त्या हो म्हणाल्या तर बघू."

मी जाणार नाही असं त्यांना वाटलं होतं. आक्कांपुढं बसून हे वाचायची माझी छाती होणार नाही, हा त्यांचा हिशोब.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. प्रणिता म्हणाली, "मी येते." मी नको म्हटलं. बारामतीहून एसटीनं इंदापूर, तिथून बावडा. आक्का पडवीत होत्या, काठी मांडीवर घेऊन. खुर्ची दिली. मी सगळी मुलाखत वाचली. पान चार आलं. आवाज न चढवता तेही वाचलं.

आक्का म्हणाल्या, "म्हणले व्हय मी. मग? वाईट म्हणले का?"

"आक्का, मी ग्लासाचंबी लिवलंय. त्या दोघींला कपबशी दिली, मला ग्लास दिला. खाली ठिवला. मी धुतला."

आक्कांनी माझ्याकडं नीट बघितलं. चिडल्या नाहीत. कुणी पावसापाण्याचं विचारावं अशा सुरात म्हणाल्या, "आमच्यात तसंच असतंय."

"हे तुमचं बोलणंबी लिवू?"

"लिव की. खोटं कुठं हाय त्यात?"

आणि कागदावर सही केली. तारीखसुद्धा घातली.

जे मॅडमना झाकायचं होतं, ते आक्कांना झाकण्यासारखं वाटतच नव्हतं. त्यांच्यासाठी ते भिंतीवरच्या कॅलेंडरइतकं साधं होतं. त्या क्षणी माझं डोकं एकदम शांत झालं. राग आला, पण गरम नाही. गार.

तेवढ्यात चहा आला. आक्कांना कप. मला स्टीलचा ग्लास, खुर्चीच्या पायाशी. वाचून होतं न होतं तोच.

मी प्याले. सावकाश. शेवटचा घोट तळाला ठेवला. ग्लास फरशीवर होता तिथंच ठेवला, उभा. कागद पिशवीत घातले आणि उठले. हात नळाकडं निघाले होते. मला ते खरंच जाणवलं, दंडापासून बोटांपर्यंत. मी पिशवीचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरला.

आक्कांनी ग्लासकडं बघितलं. मग नळाकडं.

"गलास?"

"तितं हाय."

"धुवायचा ऱ्हायला."

"व्हय," मी म्हटलं. "ऱ्हायला."

सून दारात आली होती. ती ना पुढं आली, ना आत गेली. मी पायऱ्या उतरले, अंगण ओलांडलं. मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण निरीक्षण करायला शिकले होते ना. बघितलं. आक्कांनी काठीचं टोक ग्लासला लावलं आणि तो पायरीपर्यंत ढकलत नेला. ग्लास आडवा पडला. तळाचा चहा पायरीवरून खाली गेला.

बावड्याच्या स्टँडवर बसून टिपण लिहिलं. पहिलं वाक्य असं आहे: चहा स्टीलच्या ग्लासात आला, ग्लास मी धुतला नाही. त्याखाली काठीचं लिहिलं. पडद्यांचा रंग या वेळी लिहिला नाही.

सोमवारी आक्कांच्या सहीचा कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ वाचला आणि म्हणाल्या, "ठेवून जा." याला आता पाच महिने झाले. सही झालेली नाही. ऑफिसमधून नोटीस आली आहे. प्रणिता म्हणते, एक पान तर आहे, काढ आणि मोकळी हो. तिचं बरोबर असेल. तिला ते पान काढणं सोपं आहे, तिला नळ दिसलाच नव्हता.

दर सोमवारी मी मॅडमच्या खोलीत जाते. अहवाल ठेवते. त्या म्हणतात, "दुरुस्ती केलीस?" मी म्हणते, "नाही." अहवाल उचलते, परत नेते, परत आणते. पान चार त्यातच असतं आणि असणार. गाइड बदलावा लागला तर बदलेन, विषय पहिल्यापासून नोंदवावा लागला तर नोंदवेन, या पानापासून सुरू करेन. वर्षं जायची ती जाऊ देत.

हातांना मात्र सांगून ठेवलंय. मला विचारल्याशिवाय पुन्हा उठायचं नाही.