चाची टीव्हीचा आवाज बंद करायची

कार्टून ऐन रंगात आलं की खैरूनचाची उठायची आणि टीव्हीचा आवाज बंद करायची. पोरं एकच ओरडा करायची. "ओरडा खुशाल," ती म्हणायची, "अस्वल काय बोलतंय ते आता मी सांगते." आणि खरंच अस्वलासारखी घोगरी बोलायची.

निडी गावात ती आमची शेजारीण. नवरा दुबईला, त्याने आणलेला टीव्ही आळीतला पहिला. चाची आता नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

माझ्या सुमीला चौथं वर्ष लागलं तरी ती 'आई' म्हणत नव्हती. हवं ते बोटाने दाखवायची. सासूबाई म्हणायच्या, "आईच तोंड उघडत नाय, पोर कुठनं उघडंल?" पेणच्या डॉक्टरांनी कान तपासले, ते चांगले होते. मी चौथी शिकलेली. वाटायचं, माझं गावठी बोलणं पोरीच्या काय कामाचं? टीव्हीवरची माणसं किती शुद्ध बोलतात! म्हणून तिला रोज चाचीकडे टीव्हीपुढे बसवून मी कामाला जायची.

एक दिवस चाचीने मला दारातच धरलं. "काय गो, टीव्हीला तुझी पोर दिसते काय? तिनं बोट दाखवलं तर तो बगतो काय?"

"चांगलं बोलतो ना तो, चाची."

"बोलतो, पण थांबत नाय. पोरीला बोलाया जागा नको? बस हितं."

मी बसू लागले. चाची आवाज बंद करून सुमीला विचारायची, "अस्वल कुठं चाललं गो?" आणि तिच्याकडे बघत गप्प राहायची. किती वेळ! मीच उत्तर द्यायला गेले की मांडीला चिमटा. "तुझी परीक्षा नाय हाय."

चार महिने गेले. सुमी चाचीचं तोंड निरखायला लागली, हसायला लागली. शब्द मात्र नाही.

एका रविवारी चाचीचा घसा पार बसला. तिने आवाज बंद केला आणि माझ्याकडे बोट केलं. पंधरा पोरं माझ्याकडे वळली. अस्वल झाडावर चढत होतं. "चढलं गो बाय, चढलं," मी कशीबशी म्हणाले. "आता फांदी मोडंल... मोडली... अस्वल..." पुढे लाजेने तोंडच उघडेना.

सुमी टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"पल्लं," ती म्हणाली.

मी पदर तोंडाला लावून रडायला लागले. चाचीने मला गदागदा हलवलं. आवाज नव्हता, तरी कुजबुजली, "रडतेस काय? पोरीनं तुला सांगितलं ना, पडलं म्हणून? मग विचार की तिला, लागलं काय त्याला?"

मी डोळे पुसले आणि विचारलं. सुमी विचारात पडली. मी थांबले. मला कसलीच घाई नव्हती.