उजव्या पट्टीतली रिकामी जागा

हासनच्या दूध संघात सर्व्हरची खोली सांभाळणाऱ्या चन्नकेशवचं निम्मं आयुष्य यंत्रं चालू ठेवण्यात गेलं, आणि उरलेलं निम्मं, ती चालू राहायची तर निम्मी जागा रिकामी का ठेवावी लागते, हे लोकांना समजावण्यात.

खोलीत विजेच्या दोन पट्ट्या होत्या, डावी आणि उजवी. प्रत्येक सर्व्हरची एक वायर हिच्यात, एक तिच्यात, भार अर्धा-अर्धा. एक पट्टी गेली तर दुसरीने सगळं एकटीने उचलायचं. म्हणून दोन्ही मीटरवर आकडा पन्नास टक्क्यांच्या आत हवा. चन्नकेशव रोज आल्या आल्या तो बघायचा. दुर्दैव असं की मॅनेजर रुद्रेगौडाही बघायचे.

"मी काय म्हणतो केशवा," घशात दही अडकल्यासारखा त्यांचा आवाज यायचा, "चव्वेचाळीसच आहे. निम्म्याहून जास्त रिकामं."

"साहेब, ते रिकामं नाही. ते दुसरीसाठी राखलेलं आहे."

साहेब मूळचे दुधातले, म्हणून त्याने एकदा दुधातच सांगून पाहिलं. दोन टाक्या आहेत. एक बिघडली तर तिचं दूध दुसरीत ओतायचंय. दोन्ही निम्म्याच भरलेल्या असतील तर मावेल, जास्त भरल्या असतील तर उरलेलं फरशीवर. रुद्रेगौडांनी मन लावून ऐकलं, टाकी अर्धी रिकामी ठेवणाऱ्या माणसाला आपण एक दिवस कामावर ठेवणार नाही असं सांगितलं, आणि जेवायला गेले.

या दसऱ्याला प्रकरण घरापर्यंत आलं. बायको वारिजाचं माहेर मंगळूरचं, आणि दर दसऱ्याला ऐन निघायच्या वेळी संघात काहीतरी बंद पडायचं. यंदा तिने इडलीचं पीठ वाटताना, भांडण नाही काही नाही, नुसतं सांगून टाकलं, "बस आयुधपूजेच्या संध्याकाळची आहे. मी तिच्यात असेन. तुम्ही नसलात, तर परत कधी यायचं ते माझं मी ठरवीन."

रुद्रेगौडांनी रजा दिली, पण अट घालून. पूजा झाली की त्यांच्यासमोर डावी पट्टी बंद करायची. उजवीने सगळं पेललं तर खुशाल जा.

आयुधपूजेला चन्नकेशव खोलीत शिरला आणि दारातच थांबला. कपाटांना केळीचे खुंट बांधलेले, प्रत्येक सर्व्हरला गंधकुंकू, वरून लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा. धुपाचा धूर जायला उभा पंखा. पाहुण्यांसाठी कॉफीचा बॉयलर. सगळं उजव्या पट्टीत. साध्या पिना तिथे बसत नाहीत, म्हणून हिशेब खात्यातल्या शांतलम्मांनी वायरमनकडून खास जोडवायर करून घेतली होती.

"किती वर्षं ती भोकं रिकामीच," त्या नाकातून म्हणाल्या. "आपली मी भरून टाकली हो."

उजवीचा आकडा सत्तरीच्या वर गेलेला. चन्नकेशवने पिनेला हात घातला, तो शांतलम्मांनी वरच्यावर धरला.

"केशवण्णा, मंगळारती व्हायचीय. आधीच दिवा मालवतात का?"

"अक्का, तो दिवा नाही, माळ आहे."

"पूजेत लावली की दिवाच."

तो थांबला. आरती झाली, कोहळा फुटला, केसरीभाताच्या, म्हणजे केशरी शिऱ्याच्या, वाट्या फिरल्या. शिरा तोंडात धरूनच तो पुन्हा पिनेकडे वळला, पण साहेब पुढे झाले होते.

"अजून पाव भाग शिल्लक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी डावीचं बटण पाडलं.

काहीच झालं नाही. पंखा फिरत राहिला, माळा लुकलुकत राहिल्या. साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं. "मी काय म्हणत होतो?"

तेवढ्यात उजवीचं बटण टप्पकन पडलं.

खोली इतकी गप्प झाली की बॉयलरमधला शेवटचा बुडबुडा ऐकू आला. मग फोन सुरू झाले. गाईंना काही आयुधपूजेची सुट्टी नसते. गावोगाव लोक कॅन घेऊन दुधाच्या काट्यापाशी उभे, आणि सर्व्हरवाचून काटा मुका.

"केशवा, तुझ्या उजवीने दगा दिला," साहेब म्हणाले.

चन्नकेशवच्या जिभेवर बरंच काही आलं. ते त्याने केसरीभाताबरोबर गिळलं, पंखा, बॉयलर, माळा उपटून बाहेर ठेवल्या आणि डावी चालू केली. एकेक सर्व्हर उठायला आपला वेळ घेत होता, आणि बाहेर ऊन उतरत चाललं होतं. सगळे उठले, गावांचे फोन थांबले, तेव्हा उजवीचं बटण वर करून त्याने कुणालाही न विचारता डावी पुन्हा बंद केली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. उजवीचा आकडा चढला, थांबला. बघणारे कंटाळून निघाले तरी पट्टी हलली नाही.

"चालतंय की," साहेब म्हणाले. "हे आधीच करायचं नाही का?"

त्याने डावी परत लावली, जोडवायर पिशवीत कोंबली आणि पळत सुटला.

बस गेलीच असणार, असं त्याने धरलं होतं. पण स्टँडवर तिची पूजा अजून उरकली नव्हती. ड्रायव्हर काचेवर झेंडूची माळ सारखी करत होता आणि चाकांखाली लिंबं मांडायचं चाललं होतं. वारिजाने खिडकीची जागा त्याला दिली. तो टेकतो न टेकतो तोच फोन वाजला.

"मी काय म्हणतो केशवा, ती जोडवायर कुठे गेली? पंखा लावायचाय."

"साहेब, आवाज तुटतोय. घाट लागलाय."

समोर कंडक्टरने नारळ फोडला आणि बस हासनच्या स्टँडवरून पहिल्यांदा हलली. वारिजा पिशवीतून बाहेर लोंबणाऱ्या वायरकडे बघत होती.

"हे आईसाठी घेतलंत?"